वळचणीचे पाणी

घराच्या इतिहासात दिंडी, चौक, देवघर, कोरीव खांब यांची वर्णने आपण आवडीने वाचतो. पन्हळीचे नाव मात्र क्वचितच निघते. आमच्या बेळगाव-खानापूर भागात मातीच्या भिंतींचे घर किती पिढ्या उभे राहणार, हे पुष्कळदा या पन्हळीवरच ठरत आले आहे. म्हणून तिची ही थोडी हकीगत.

शब्द जुना आहे. संस्कृत 'प्रणाल' म्हणजे पाणी वाहून नेणारी नळी. त्यावरून आपली 'पन्हळ'. देवळाच्या गाभाऱ्यातून अभिषेकाचे पाणी बाहेर नेते ती प्रणालिका त्याच कुळातली. शिलाहारांच्या काळात पन्हाळगडाला 'प्रणालक' म्हणत, हेही येथे आठवते.

छपराच्या पाण्यावरून होणारी भांडणे तर त्याहून जुनी. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त घरांविषयीच्या नियमांत असे सांगितले आहे, की शेजारशेजारच्या दोन घरांच्या वळचणींत चार अंगुळांचे अंतर असावे, नाहीतर एकीने दुसरीवर यावे. म्हणजे दोन छपरांच्या फटीतून पाणी कोणाच्या भिंतीत मुरते, हा प्रश्न तेव्हाही होताच. या ग्रंथाची हरवलेली पोथी १९०५ मध्ये म्हैसूरच्या ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती लागली आणि १९०९ मध्ये ती छापून निघाली.

आपल्याकडच्या जुन्या सुट्या घरांना पन्हळ नसेच. नळीची कौले किंवा गवताचे केंबळ, आणि भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे काढलेली वळचण. पागोळ्या भिंतीपासून दूर पडत. जेथे पडत तेथे दगड बसवलेले असत. पन्हळ लागे ती दोन छपरे जेथे एकमेकांकडे उतरतात तेथे. कोकणात आणि गोव्यात त्यासाठी पोफळीचे खोड उभे चिरून, आतला भुसभुशीत गाभा काढून वापरत. घाटावरच्या कानडी मुलखातही हेच चाले. तिकडे अशा चिरलेल्या पोफळीला 'दब्बे' म्हणतात. वस्तू एक, नावे दोन. काही पावसाळ्यांत ती कुजे, आणि नवी बसे.

पुढचा बदल मंगळूरहून आला. बासेल मिशनने १८६५ मध्ये तेथे कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी ही सपाट कौले छपराला नळीच्या कौलांपेक्षा हलकी पडत, आणि माकडांनी किंवा वाऱ्याने ती सहज सरकत नसत. १८८० च्या दशकात बेळगावपर्यंत रेल्वे आली आणि दूरचा माल आणणे सोपे झाले. मंगळुरी कौलांनी छपराला सरळ काठ दिला. काठाला फळी आली, आणि त्या फळीला लोखंडी पट्ट्यांवर पत्र्याची पन्हळ बसू लागली. लोखंडी पत्र्याला जस्ताचा मुलामा देण्याची रीत फ्रान्समध्ये सोरेल याने १८३७ मध्ये काढली होती. तो पत्रा वाकवायचा, सांध्याला नवसागर लावून कथलाचा डाग द्यायचा, हे काम आपल्या पत्रेवाल्यांनी लवकरच आपलेसे केले.

आता या पन्हळीला मधेच पोट का येते ते पाहू. सहा इंच रुंदीच्या अर्धगोल पन्हळीत काठोकाठ पाणी भरले तर एका मीटरला सुमारे ९ लिटर मावते. तीस फुटांची पन्हळ पानांनी तुंबली, की तिच्यावर ८० किलोंचे ओझे येते. फळी भिजून मऊ झालेली असली तर खिळे सुटतात, मधला भाग खाली येतो, तेथे पाणी साचते आणि ओझे वाढत जाते. पुढे पाणी मागच्या बाजूने फळीवरून भिंतीत शिरते. तीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद छपरावर तासाभरात एक इंच पाऊस पडला, तर हजार लिटरांवर पाणी उतरते. मातीच्या भिंतीने त्यातले किती प्यावे?

आमच्या घराचे मागचे छप्पर आणि शेजाऱ्यांची पडवी एकाच पन्हळीत उतरतात. आमची खरेदीखते मोडीत, त्यांची कानडीत; पन्हळ कोणाची, हे दोन्हींत लिहिलेले नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चा. मुंबई इलाख्याला, म्हणजे तेव्हाच्या बेळगावलाही, तो १८९१ मध्ये लागू झाला. वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने पाणी जात असेल तर तो अधिकार ठरतो, असे त्याचे तत्त्व. आमचे पाणी तर चार पिढ्या जात होते. एका आषाढात मधल्या भिंतीला दोन्हीकडून पोपडे सुटले, तेव्हा नात्यातल्या एका वकिलांनी नोटीस द्यायला सुचवले. शेजारचे अण्णा मात्र श्रावणातल्या एका उघडिपीत शिडी घेऊनच आले. "खर्च अर्धा अर्धा करू या की हो. भिंत पडली तर ती काय एकाच्याच घरात पडणार आहे?" एवढेच ते म्हणाले.

पत्रेवाल्याने आधी पाने आणि गाळ काढला. मग वरच्या टोकापासून उताराच्या टोकापर्यंत सुतळी ताणली आणि दहा फुटांना अर्धा इंच असा ढाळ धरला. कुजलेली फळी बदलली. जुन्या पट्ट्या चार-चार फुटांवर होत्या. त्याने त्या दोन-दोन फुटांवर घेतल्या, आणि खिळ्यांऐवजी वाशांच्या टोकांत स्क्रू बसवले. फाटलेल्या सांध्याला डाग दिला. शेवटी वरून दोन घागरी पाणी ओतले. ते न थांबता निघून गेले. अण्णांनी कानडीत आणि माझ्या आईने मराठीत एकाच वेळी पत्रेवाल्याला चहाला बोलावले.

१९५६ मध्ये आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यावरचे मतभेद जगजाहीर आहेत आणि आमच्या दोन घरांतही ते आहेत. ती भिंत मात्र त्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि अजून सामाईकच आहे.

वाचकांना एक सांगावेसे वाटते. दिवाळीपर्यंत पाऊस सरलेला असतो, पण भिंतीवरचे ओलीचे डाग अजून ताजे असतात. रंग देण्यापूर्वी ते नीट पाहावेत. डाग जेथे सर्वांत रुंद, त्याच्या वर बहुधा पन्हळीचे पोट सापडते. तेथे खडूने खूण करून ठेवावी आणि काम मृगाच्या आधी उरकावे. पन्हळ सामाईक असेल तर शेजाऱ्यांना फराळाला बोलवावे, आणि तेव्हाच विषय काढावा.