वर्ध्यातील बागायत आणि सोनखताचा प्रश्न

वर्धा जिल्ह्याच्या शेतीचा इतिहास बहुधा कापसाच्या अंगाने लिहिला जातो. तथापि तेथील खतविचाराचा एक महत्त्वाचा दुवा संत्र्याच्या बागेशी जोडलेला आहे. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा जमनालाल बजाज यांनी आपली वर्ध्याची बाग त्याच्या स्वाधीन केली. हीच मगनवाडी होय.

खताच्या शास्त्राची सिद्धता त्यापूर्वीच इंदूरला झाली होती. अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साहाय्याने काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत सिद्ध करण्याची रीत बसविली आणि १९३१ च्या ग्रंथात ती मांडली. फळझाडांच्या मुळांना हवेची किती गरज असते, हे हॉवर्ड यांनी पुसा येथे आधीच दाखविले होते. वर्ध्याकडील भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबते व उन्हाळ्यात भेगा पडतात. अशा जमिनीत वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या झाडाला कुजलेले खत पोषण देते, तसेच माती भुसभुशीत राखते.

१९३५ मध्ये गांधीजींनी ही रीत इंदूरला प्रत्यक्ष पाहिली. परंतु तिची भिस्त गोठ्यावर होती. बरेचसे शेण गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जाई, आणि ज्याच्याकडे गुरे नाहीत त्याला ही रीत दुर्लभच होती. उरले ते सोनखत. मगनवाडीतील कार्यकर्ते जवळच्या सिंदी गावी जाऊन मैला उचलू लागले. मैला उथळ चरात मातीआड पुरावा, असा गांधीजींचा आग्रह असे. स्वातंत्र्यापूर्वीच्या अखेरच्या वर्षांत विनोबांनीही पवनारहून सुरगावला नित्य जाऊन हेच काम केले.

येथे खताचा प्रश्न जातीच्या प्रश्नाला येऊन भिडला. मैला पूर्ण कुजला तरच तो निर्धोक होतो, हे शास्त्र सांगते. तो कोणी उचलावा, हे मात्र समाजाने जन्मावरून ठरविले होते. कार्यकर्त्यांनी स्वेच्छेने केलेल्या कामामुळे त्याविषयीची घृणा कमी होणे शक्य होते. ज्यांच्यावर ते लादले होते, त्यांची सुटका त्याने होत नव्हती. ह्या कामाच्या गौरवीकरणावर डॉ. आंबेडकरांनी घेतलेला आक्षेप याच मर्मावर बोट ठेवतो. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेला कायद्याने बंदी होण्यास १९९३ साल उजाडावे लागले.

म्हणून वर्ध्याच्या खतविचाराचे मूल्यमापन करताना बागेला किती खत मिळाले, एवढ्यावरच थांबून चालत नाही. ते कोणाच्या हातांनी आले, हाही कृषिइतिहासाचाच प्रश्न ठरतो.