कोठी, मोरी आणि ड्राय बाल्कनी : मराठी शहरी घरातील साठवण व धुलाई यांच्या एकत्रीकरणाचा इतिहास

प्रस्तावना

स्वयंपाकघराला लागून एक छोटी जागा काढावयाची, तिच्या एका बाजूस धुलाईयंत्र बसवावयाचे आणि दुसऱ्या बाजूस धान्याचे डबे, तेलाचे कॅन, कांदे-बटाट्यांची टोपली ठेवावयाची, ही पद्धत आजच्या गृहरचनेत रूढ झाली आहे. पुण्या-मुंबईच्या सदनिकांत या जागेस ‘ड्राय बाल्कनी’ किंवा ‘युटिलिटी’ असे म्हणतात. कोठी आणि धुण्याची जागा यांचे हे एकत्रीकरण पाश्चात्त्य घरांच्या अनुकरणातून आलेली आधुनिक सोय आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मराठी शहरी घराचा गेल्या दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास पाहता ही समजूत अपुरी ठरते. साठवण आणि धुलाई ही दोन कामे आपल्याकडे यापूर्वीही एका छताखाली आली होती. मात्र ती सोयीच्या विचाराने आली नव्हती. पाण्याचा पुरवठा, जागेची टंचाई आणि धान्य मिळण्याची रीत या तीन गोष्टींतील बदलांनी ती एकत्र आणली. प्रस्तुत निबंधात या बदलांचा मागोवा घेतला असून, ज्यांच्या श्रमावर ही दोन्ही कामे चालत आली त्या स्त्रियांचा विचार गृहरचनेत कितपत झाला, हा प्रश्नही तपासला आहे.

वाड्यातील विभागणी

पारंपरिक वाड्यात कोठी आणि न्हाणी यांच्यात जाणीवपूर्वक अंतर राखलेले असे. कोठीची खोली माजघर किंवा स्वयंपाकघर यांच्या लगत, घराच्या आतल्या अंगास, बहुधा अंधारी व कोरडी असे. न्हाणी, विहीर किंवा हौद आणि धुण्याचा दगड यांचे स्थान मागील चौकात अथवा परसात असे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने शहरातील हौदांपर्यंत पाणी आणण्यात आले. परंतु पाणी वाड्यापर्यंत पोहोचले तरी ते चौकातच थांबत असे. कोठीच्या भिंतीपर्यंत त्यास येऊ दिले जात नसे.

या अंतरामागील पहिले कारण व्यावहारिक होते. धान्याचा शत्रू ओलावा होय. दाण्यातील ओलावा बारा-चौदा टक्क्यांच्या वर गेला की बुरशी आणि कीड यांना वाव मिळतो. वर्षभराची बेगमी करणाऱ्या कुटुंबास हे आकडे ठाऊक नसले तरी अनुभव पुरेपूर होता. भिंतीत बांधलेले बळद, शेणाने सारवलेली कणगी, कोरड्या मुलखातील जमिनीखालचे पेव, धान्यात मिसळलेली राख किंवा कडुनिंबाचा पाला, कडधान्यास चोळलेले एरंडेल ही सर्व साधने ओलावा व कीड यांच्याविरुद्धच्या एका दीर्घ लढ्यातील होती. धुण्याचे पाणी त्या लढ्यात शत्रूपक्षाचे होते.

दुसरे कारण धार्मिक आचाराचे. उच्चवर्णीय घरांत सोवळ्याची वस्त्रे इतर कपड्यांपासून अलग धुतली जात. ती कोणाच्या स्पर्शात येऊ नयेत म्हणून उंच दांडीवर वाळत घालून काठीने काढली जात. म्हणजे घराच्या आतल्या भागात धुतलेले वस्त्र मुळीच येत नव्हते असे नाही. जे येत होते ते आचाराची चाळणी पार करून येत होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात तर सोवळ्याच्या अतिरेकापायी बाजारातून आलेल्या जिनसाही धुवून घेणाऱ्या घराचे वर्णन आढळते. तेथे साठवण व धुलाई यांचा संबंध आला तो विटाळाच्या कल्पनेमुळे. आणि त्या कल्पनेचा सारा भार उचलणाऱ्या घरातील बायकाच होत्या.

तिसरा संबंध अर्थव्यवहाराचा होता. गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याच्या कामाचा मोबदला हंगामात धान्याच्या रूपाने मिळे. म्हणजे धुण्याची जागा गावाबाहेर ओढ्यावर किंवा नदीवर आणि धान्य घराच्या गाभ्यात असले तरी एकाचे मोल दुसऱ्यातून चुकविले जात होते. घराच्या भिंतींनी वेगळी ठेवलेली ही दोन कामे जातिव्यवस्थेने जोडलेली होती. त्यामुळे वाड्यातील ही विभागणी केवळ आरोग्यदृष्टीची होती असे मानून तिचे गोडवे गाणे इतिहासाला धरून होणार नाही.

चाळीतील सक्तीचे एकत्रीकरण

ही विभागणी मोडली ती मुंबईतील गिरण्यांच्या वाढीबरोबर. विहार (१८६०), तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२) या जलाशयांमुळे मुंबईत नळाचे पाणी आले. मात्र कामगारांच्या खोल्यांत पाणी येण्यास फार काळ लागला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आणि १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) व शिवडी येथील २०७ बीडीडी चाळींमधील एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. शौचालये मजल्यावर सामाईक होती. एका खोलीत एक कुटुंब, आणि पुष्कळदा गावाकडून आलेले नातलग किंवा पोटभाडेकरूही, असा तो संसार होता.

मुंबईच्या चाळीतील अशा खोलीचा एक कोपरा म्हणजे मोरी. कमी उंचीच्या कठड्याने वेगळ्या केलेल्या या चौकोनी जागेत अंघोळ, भांडी आणि धुणे ही तिन्ही कामे होत. मोरीशेजारी पाण्याचे पिंप व हंडे-कळश्या, त्यापलीकडे चूल अथवा स्टोव्ह, वर फळीवर डबे आणि त्याहून वर माळा. कोठीची स्वतंत्र खोली नाहीशी झाल्यावर साठवण जमिनीवरून उठून भिंतीवर चढली. बळद आणि कणगी यांची जागा पत्र्याच्या डब्यांनी घेतली. हा बदल क्षुल्लक नव्हे. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा होता म्हणूनच मोरीपासून दोन हातांवर डाळ-तांदूळ ठेवणे शक्य झाले. पावसाळ्यात गॅलरीतील दोरीवर कपडे वाळेनासे झाले की ते खोलीतच वाळत पडत आणि त्यांचा ओलावा त्याच हवेत उतरे. वाड्याने एका चौकाचे अंतर राखून सोडविलेला प्रश्न चाळीतील गृहिणीला झाकणाच्या आधारे सोडवावा लागला.

याच दशकात युरोपात गृहरचनेचा निराळा प्रयोग चालू होता. मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या स्त्री वास्तुविशारदाने १९२६ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघराचा एक नमुना तयार केला. सुमारे साडेसहा चौरस मीटरच्या त्या स्वयंपाकघरात पीठ, तांदूळ, डाळी यांसाठी नावे घातलेले ॲल्युमिनियमचे खण होते आणि इस्त्रीसाठी भिंतीवरून खाली घेता येणारी फळी होती. पण धुण्याचे मुख्य काम तेथे नव्हते. काही वसाहतींत त्यासाठी सामाईक धुलाईघर बांधण्यात आले होते. तुलना बोलकी आहे. फ्रँकफुर्टचे केवळ स्वयंपाकघर सुमारे ७० चौरस फुटांचे, तर बीडीडी चाळीत जवळजवळ तेवढ्याच्या दुप्पट जागेत संपूर्ण घर. एके ठिकाणी गृहिणीच्या पावलांचा हिशेब मांडून आराखडा तयार झाला. दुसऱ्या ठिकाणी किती खोल्या उभ्या राहतील याचा हिशेब आधी झाला आणि उरलेली तडजोड गृहिणीवर सोपविली गेली.

कोठीचा संकोच

साठवणीची जागा आक्रसण्यास केवळ चाळीची रचनाच कारण झाली असे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. शिधापत्रिकेवर ठरावीक मापाने व ठरावीक मुदतीने धान्य मिळू लागल्यावर वर्षाची बेगमी हा शहरी कुटुंबाच्या दृष्टीने दूरचा विषय झाला. साठा करणे हे शहाणपणाचे लक्षण मानले जात होते, त्यास आता साठेबाजीचा संशय चिकटला. मध्यमवर्गीय घरांत उन्हाळ्यात गहू भरण्याची आणि पापड, कुरडया, सांडगे घालण्याची प्रथा पुढेही कित्येक वर्षे टिकून राहिली. तथापि १९९० नंतर तयार पिठाच्या पिशव्या आणि किराणा मालाची मोठी दुकाने यांनी तिचीही गरज कमी केली. कोठी खोलीची फडताळ झाली आणि फडताळाची ओट्याखालील कपाटे झाली.

धुलाईच्या क्षेत्रात उलट दिशेचा बदल घडत होता. सनलाइट साबण १८८८ मध्येच भारतात आला होता. १९५९ मध्ये सर्फ आणि १९६९ मध्ये निरमा या धुलाई पावडरी बाजारात आल्या. नदी, ओढा व परीट यांच्याकडून धुणे क्रमाक्रमाने घरात येऊ लागले. धान्य घराबाहेर दुकानात साठू लागले आणि धुणे घराबाहेरून आत आले, असा हा दुहेरी प्रवास आहे. आजच्या ड्राय बाल्कनीचे मूळ या दोन प्रवासांच्या छेदनबिंदूवर शोधावे लागते.

सदनिका आणि ड्राय बाल्कनी

१२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात पुण्याच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीची मोठी हानी झाली. त्यानंतर शहराच्या नव्या भागांतील घरबांधणीस वेग आला. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियमाने सदनिका खरेदीस कायद्याची चौकट दिली. या नव्या घरांत उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा आला, गॅसची शेगडी आली आणि स्वयंपाकघरामागे धुण्या-भांड्यांसाठी मोरी अथवा छोटी बाल्कनी आली. चौकातील न्हाणीचा हा आक्रसलेला अवशेष होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मध्यमवर्गीय घरांत धुलाईयंत्र येऊ लागले, तेव्हा त्यास नळ, सांडपाण्याचा निचरा आणि विजेची जोडणी या तीन गोष्टी हव्या होत्या. त्या जेथे सहज उपलब्ध होत्या तेथेच यंत्र स्थिरावले. त्याच जागेत गव्हाची पत्र्याची कोठी, जादा गॅस सिलिंडर आणि कांद्यांची टोपली आधीपासून होती. हे एकत्रीकरण आराखड्याच्या कागदावर प्रथम झाले नाही. ते वापरातून झाले आणि आराखड्याने त्याला मागाहून नाव दिले.

येथे भाषेचा पुरावाही लक्षणीय आहे. मराठीत ‘धुणी-भांडी’ हा जोडशब्द आहे. ‘कोठी-धुणे’ असा जोडशब्द नाही. धुणी-भांडी हे मोलाने करून घेण्याचे काम, तर कोठीची किल्ली घरच्या कर्त्या स्त्रीच्या कमरेला. ड्राय बाल्कनीत हे दोन अधिकार समोरासमोर आले. जेथे मोलकरणीने काम करावयाचे तेथेच घरचा शिधा ठेवलेला. त्यामुळे विश्वास आणि संशय यांचे एक नाजूक नाते या तीन-चार फुटांच्या जागेत निर्माण झाले. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. कामगार म्हणून या स्त्रियांची दखल घेतली गेली. परंतु त्या ज्या जागेत काम करतात तिची रुंदी, उजेड व बसण्या-उठण्याची सोय यांचा विचार त्या मानाने मागेच राहिला.

कायद्याच्या मोजमापातही ही जागा काठावरच राहते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मधील चटईक्षेत्राच्या व्याख्येतून सदनिकेची बाल्कनी वगळलेली आहे. ही तरतूद ग्राहकाची फसवणूक टाळण्यासाठी आहे आणि त्या दृष्टीने योग्यही आहे. तथापि तिचा एक अर्थ असा निघतो की, घरातील दोन अत्यावश्यक कामे जेथे चालतात ती जागा बाल्कनी म्हणून बांधली गेली की घराच्या मुख्य हिशेबात धरली जात नाही.

निष्कर्ष

या विवेचनावरून असे दिसून येते की, वाड्याने साठवण व धुलाई वेगळी ठेवली, चाळीने ती सक्तीने एकत्र आणली आणि सदनिकेने कोठीने मोकळ्या केलेल्या जागेत धुलाईस आश्रय दिला. तिन्ही अवस्थांत निर्णायक घटक तोच राहिला : पाणी कोठपर्यंत येते आणि धान्य किती दिवसांचे लागते. यास्तव आजची रचना जुन्यापेक्षा पुढारलेली किंवा मागासलेली ठरविण्यापेक्षा तिने जुना प्रश्न कसा हाताळला हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. ओलाव्याचा प्रश्न यंत्राने संपलेला नाही. यंत्रातून निघालेले कपडे शेवटी त्याच बाल्कनीत वाळतात आणि पावसाळ्याचे चार महिने धान्याच्या डब्यांवर तीच दमट हवा असते. धुण्याची रसायने व खाद्यपदार्थ यांसाठी वेगळे कप्पे, दोहोंच्या मध्ये आडभिंत, धान्य जमिनीपासून वर ठेवण्याची सोय आणि हवा खेळती राहील अशी खिडकी या गोष्टी खर्चिक नाहीत. त्यांची आठवण आराखडा करताना व्हावयास हवी, इतकेच.

मार्च २०२० मधील टाळेबंदीत शहरी कुटुंबांस महिनाभराचा शिधा एकदम भरण्याची वेळ आली, तेव्हा अनेक घरांत तो ठेवण्यास जागा नाही हे ध्यानात आले. कोठी कालबाह्य झाली, हा निष्कर्ष घाईचा होता. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळत आहे. त्या घरातही मोरीचा कोपरा आणि डब्यांची फळी यांना कोठे तरी जागा लागणारच. ती जागा आराखड्याने द्यावयाची की नेहमीप्रमाणे घरच्या बाईने काढून घ्यावयाची, याचे उत्तर अद्याप पुरतेपणी दिले गेलेले नाही. वास्तुकला आणि गृहविज्ञान या दोन्ही विषयांच्या अभ्यासक्रमांत या प्रश्नास स्थान मिळाले, तर घराचा इतिहास केवळ दर्शनी भिंतींचा न राहता मागील दाराचाही होईल.