वारसा-नोंद, जुन्या घरांची (बारामती व इंदापूर तालुके)

एखादे जुने घर, वाडा किंवा गढी स्थानिक इतिहासासाठी अथवा बांधणीसाठी जपण्याजोगी आहे असे ठरवून तिची सरकारी यादीत अधिकृत नोंद करणे, आणि त्या नोंदीमुळे तिच्या पाडकामावर व फेरबदलांवर कायदेशीर बंधन येणे, यास वारसा-नोंद म्हणतात. वाड्यापुढे लागलेला नामफलक, जयंतीचा हार किंवा नगरपरिषदेने केलेली रंगरंगोटी ही नोंद नव्हे. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील या दोन तालुक्यांत हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण इथल्या प्रसिद्ध वास्तू टिकल्या त्या यादीपेक्षा वापरामुळे.

बारामतीतील ठळक वास्तू म्हणजे कऱ्हाकाठचा बाबूजी नाईकांचा वाडा. नाईक-जोशी हे सावकार घराणे. बाबूजींचे बंधू आबाजी नाईक हे पेशवा बाळाजी विश्वनाथांचे जावई. पेशव्यांची कन्या भिऊबाई या घरात दिली होती. सोयरीक असली तरी देणेघेणे आणि राजकारण यांत दोन्ही घरांचे जमले नाही. १७४० मध्ये पहिला बाजीराव वारल्यावर रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी बाबूजींचे नाव पुढे केले. शाहू महाराजांनी वस्त्रे दिली ती मात्र नानासाहेबांना. त्यामुळे या वाड्याच्या तटाबुरुजांकडे एका सावकाराच्या घराचा डौल म्हणून पाहणे अपुरे आहे. पेशवाईवर हक्क सांगण्याइतकी ऐपत असलेल्या माणसाचे ते ठाणे होते. नाईकांच्याच आश्रयाने पंतकवी मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीत राहिले. पन्हाळ्यावर जन्मलेल्या या कवीच्या आयुष्याचा मोठा भाग इथे गेला आणि ‘केकावली’च्या कर्त्याची ओळख बारामतीशी कायमची जोडली गेली. वारसा ठरवताना बांधणी आणि व्यक्तिसंबंध हे दोन निकष वेगळे मोजले जातात. इथे दोन्ही लागू होतात, आणि असे भाग्य थोड्याच वाड्यांना लाभते.

इंदापूरची गढी त्याहून जुन्या काळाशी जोडलेली आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. ही घटना बहुधा १६०६ च्या सुमारास धरली जाते, काही अभ्यासक ती १६२० नंतर नेतात. इथे घर म्हणून दाखवावे असे लाकूडकाम फारसे उरलेले नाही. उरली आहे ती उंचवट्याची जागा आणि तिच्याशी जोडलेली स्मृती. नोंदीसाठी हा प्रकार अवघड असतो, कारण अर्जात ‘वास्तूचे वर्णन’ या रकान्यात लिहिण्यासारखे थोडेच सापडते आणि गावाला मात्र त्या जागेचे मोल पक्के ठाऊक असते.

वाडा व गढी या दोन्ही ठिकाणी सरकारी कचेऱ्यांचा दीर्घकाळ वावर होता. कचेरीने जुन्या इमारतीचे हाल केले असे म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे. दालनांत आडव्या भिंती घातल्या गेल्या, ऑइलपेंट फासला गेला, दगडी सांध्यांत चुन्याऐवजी सिमेंट भरले गेले आणि भिंतींची ओल आतच कोंडली. तरीही दारे उघडी राहिली, छपराची डागडुजी होत राहिली आणि मुख्य म्हणजे वाटणीचा दावा उभा राहिला नाही.

नोंदीच्या कायदेशीर वाटा दोन. पहिली, ‘राज्य संरक्षित स्मारक’ ही १९६० च्या महाराष्ट्र प्राचीन स्मारकविषयक अधिनियमाखाली पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयामार्फत जाते. शासन राजपत्रात प्राथमिक अधिसूचना काढते, तिची प्रत वास्तूजवळ लावली जाते, हरकतींसाठी दोन महिने मिळतात आणि त्यानंतर अंतिम अधिसूचना निघते. मालकी आपोआप सरकारकडे जात नाही. मालकाशी करार करता येतो, किंवा जागा विकत वा भाड्याने घेता येते. पुण्याच्या गंज पेठेतला महात्मा फुले वाडा आणि राजगुरुनगरचा हुतात्मा राजगुरू वाडा ही या वाटेने जपलेली घरेच आहेत. केंद्राचा १९५८ चा कायदा याहून कडक. त्याला किमान शंभर वर्षांचे वय लागते, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई व त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण आले. दाट पेठेतल्या घरासाठी ही मागणी करण्याआधी शेजाऱ्यांचा विचार केलेला बरा.

दुसरी वाट नगररचनेची. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात वारसा वास्तू व वारसा परिसर यांना जागा मिळाली, आणि १९९५ मध्ये मुंबईने देशात पहिल्यांदा शहरापुरती वारसा नियमावली लागू केली. श्रेणी एकमध्ये बदल जवळपास निषिद्ध. श्रेणी दोनमध्ये आतून सोय करता येते, दर्शनी रूप मात्र राखावे लागते. श्रेणी तीन म्हणजे गल्लीला, चौकाला रूप देणारी साधी घरे. नगरपरिषदा २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीखाली येतात, तिच्यातही वारसा जतनाच्या तरतुदी आहेत. यादी करायची तर छायाचित्रे, मोजमापी नकाशे, मालकी, वापर व महत्त्व यांची नोंद लागते. नंतर सूचना, हरकती, सुनावणी व मंजुरी. बारामती-इंदापुरातल्या खाजगी वाड्यांना हीच वाट, आणि तीतही श्रेणी तीनच, पेलणारी आहे. या पेठांमधली राहती घरे स्मारक करून कुलूप लावण्यासारखी नाहीत.

अडचण येते ती मिळकत पत्रिकेवर. पणजोबांच्या नावाखाली वारसांची रांग, त्यातले निम्मे पुण्या-मुंबईत, तळमजल्यावर जुन्या भाड्याचा दुकानदार आणि दारात बिल्डरचा प्रस्ताव. यादीत नाव आले की चटईक्षेत्र अडकेल या धास्तीने हरकत पडते. मोबदला म्हणून हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) देता येतो. पण तो विकत घेणारा बाजार मोठ्या शहरात असतो, तालुक्याच्या गावात क्वचितच. त्यामुळे दुरुस्तीसाठी रोख साहाय्य किंवा करात सूट दिल्याखेरीज भाऊबंदकीतले वारस सही करायला सहसा तयार होत नाहीत.

गावठाणातली घरे नोंदीपासून आणखी दूर राहतात. कमी पावसाच्या इंदापूर पट्ट्यात घरे माळवदाची. तुळयांवर किलचण, त्यावर पाला-चिपाडांचा थर, वर मातीचा जाड थर आणि शेवटी गवत उगवू न देणारी खारी माती. मधोमध उजेडासाठी साणे. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकावी लागते. या कामासाठी पडक्या गढीची पांढरी माती चांगली, म्हणून गावोगावच्या गढ्या बैलगाड्यांनी व नंतर ट्रॅक्टरने उपसल्या गेल्या. एक वारसा दुसऱ्याच्या डोक्यावर चढला, असे त्याचे वर्णन करता येईल. आता माळवदांवर पत्रा आला आहे. ती बांधणी जाणणारे गवंडी कमी उरल्याने अशा घरांची निदान मोजमापे व छायाचित्रे तरी जमा होणे निकडीचे आहे.

नोंद झाली म्हणजे मूळ घर वाचतेच असेही नाही, आणि जागेचे महत्त्व मान्य झाले म्हणजे भिंती राहतात असेही नाही. पुण्यातला भिडे वाडा, जिथे जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, तो न्यायालयीन लढाईनंतर डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारक बांधण्यासाठीच पाडण्यात आला. इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्याखाली जुनी गावे वाड्यांसकट गेली; पळसदेवचे मंदिर पाणी ओसरले की दिसते. देवळाकडे उन्हाळ्यात माणसे नावेने, पायी जातात. शेजारच्या घरांची मात्र जोतीच गाळात उरली आहेत.