देवयानी दीर्घिका आणि तिचे फिकट शेजारी

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर वळसंग हे गाव आहे. नोव्हेंबरच्या मध्यात, चंद्र नसलेल्या रात्री साडेनऊच्या सुमारास गावातल्या दिव्यांपासून दूर शेतात जावे आणि उत्तरेकडे तोंड करून मान बरीच वर उचलावी. क्षितिजापासून सुमारे ६६ अंशांवर एक धूसर, लांबट ठिपका दिसतो. हीच देवयानी दीर्घिका, ज्योतिर्विदांच्या यादीतील एम ३१. ती आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे.

नुसत्या डोळ्यांनी तिचा फक्त मधला तेजस्वी भाग दिसतो. तिचा पूर्ण पसारा पूर्णचंद्राच्या सहापट लांब आहे. तिच्या शेजारी एम ३२ आणि एम ११० या दोन लहान दीर्घिका आहेत. त्या पाहायला दुर्बीणच लागते. इराणमधील ज्योतिर्विद अल् सूफी याने इ. स. ९६४ च्या सुमारास देवयानीची नोंद 'लहानसा ढग' अशी केली होती. एम ३२ प्रथम दिसली १७४९ साली ल जांतीय या फ्रेंच ज्योतिर्विदाला, तर एम ११० दिसली १७७३ साली मेसियेला. परंतु दुर्बिणीतूनही हा ढग ढगच राहिला. त्याची रचना कशी आहे, हे कोणालाच सांगता येईना.

याचे कारण आपल्या डोळ्यात आहे. डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. तासभर टक लावून पाहिले तरी फिकट वस्तू अधिक उजळ होत नाही. छायाचित्राच्या प्लेटवर मात्र प्रकाश साचत जातो. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

हे तळे साचवले आयझॅक रॉबर्ट्स यांनी. ते व्यवसायाने लिव्हरपूलचे बांधकाम कंत्राटदार होते आणि ज्योतिर्विद्या हा त्यांचा छंद होता. १८८५ साली त्यांनी डब्लिनच्या ग्रब यांच्याकडून २० इंच व्यासाची परावर्तक दुर्बीण करून घेतली. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे दुर्बीणही तेवढ्याच गतीने उलट दिशेला फिरवत ठेवावी लागते. या गतीत जरा चूक झाली की प्लेटवर ताऱ्यांच्या रेघा उमटतात. रॉबर्ट्स यांनी ही कसरत तासन् तास केली. २९ डिसेंबर १८८८ च्या रात्री घेतलेले त्यांचे देवयानीचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात त्या ढगाभोवती वळत गेलेले पट्टे, मधल्या काळ्या फटी आणि शेजारच्या दोन्ही दीर्घिका स्पष्ट दिसल्या.

आता गंमत पाहा. छायाचित्र अचूक होते, पण रॉबर्ट्स यांनी त्याचा लावलेला अर्थ चुकीचा होता. त्यांना वाटले की येथे वायूच्या ढगातून एक नवी सूर्यमाला घडते आहे आणि ते दोन शेजारी म्हणजे तिचे भावी ग्रह आहेत. त्या काळी लाप्लासचा सिद्धान्त सर्वमान्य असल्याने बहुतेकांना ते पटलेही.

याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? ग्रब यांचीच २० इंची दुर्बीण पुण्याच्या सायन्स कॉलेजातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत आली. ती त्या काळी भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. वेधशाळेचे प्रमुख होते प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला. त्यांचा विषय वर्णपट. प्रकाश लोलकातून फोडून पाहिला की तो वायूचा आहे की ताऱ्यांचा, हे ओळखता येते. मृगातील तेजोमेघाचा वर्णपट त्यांनी अभ्यासला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे गेले. रॉबर्ट्स यांच्या हाताशी तासन् तास होते, तर येथे हाती जेमतेम दोन मिनिटे होती. त्या दोन मिनिटांचा अहवाल १९०२ साली छापून निघाला. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, तेव्हा वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. अहवाल मात्र राहिला.

देवयानीचे कोडे सोडवायला वर्णपटाचीच मदत झाली. १८९९ साली जर्मनीत शायनर यांनी साडेसात तास प्रकाश साठवून तिचा वर्णपट घेतला. तो सूर्याच्या वर्णपटासारखा, म्हणजे ताऱ्यांचा निघाला. पुढे ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांना एका प्लेटवर नवतारा सापडल्यासारखे वाटले. जुन्या प्लेट काढून ताडून पाहिल्यावर तो रूपविकारी तारा ठरला. हबल यांनी प्लेटवरचे 'एन्' हे अक्षर खोडून 'व्हार' असे लिहिले. त्या ताऱ्यावरून त्यांनी देवयानीचे अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे काढले. आजच्या मापापेक्षा ते कमी असले तरी ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे, हे सिद्ध झाले. रॉबर्ट्स यांच्या प्लेटवरचे 'ग्रह' आता दीर्घिका ठरले होते.

जुन्या छायाचित्रांतून नवे निघणे अजून संपलेले नाही. इटलीचे हौशी निरीक्षक जुझेप्पे दोनातिएल्लो यांनी २०१० आणि २०१३ मध्ये १२७ मिलीमीटरच्या दुर्बिणीतून देवयानीच्या परिसराची छायाचित्रे घेतली. २०१६ साली तीच छायाचित्रे पुन्हा तपासताना त्यांना एक अतिफिकट डाग दिसला. मोठ्या दुर्बिणींनी ती बटू दीर्घिका असल्याची खात्री केली. ती देवयानीची सखी मात्र नव्हे. ती त्याच दिशेला, पण सुमारे एक कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. चित्रात शेजारी दिसणारे प्रत्यक्षात शेजारी असतातच असे नाही.

हा प्रयोग शाळेतही करता येईल. ५० मिलीमीटरचे भिंग असलेला कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवा. प्रत्येकी ४ सेकंदांची १२० छायाचित्रे घ्या आणि ती संगणकावर एकमेकांवर जुळवून बेरीज करा. एकूण ४८० सेकंदांचा, म्हणजे आठ मिनिटांचा प्रकाश साचतो. वळसंगहून सोलापूरच्या दिव्यांचा उजेड वायव्येला पडतो. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये देवयानी ईशान्येकडून वर चढत असतानाच छायाचित्रे घ्यावीत. मग विद्यार्थ्यांना दोन्ही शेजारी शोधायला सांगा.

एक गोष्ट विसरू नका. प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, वेळ, ठिकाण, भिंग आणि सेकंद लिहून ठेवा, आणि त्याखाली विद्यार्थ्याला काय वाटले तेही लिहू द्या. ते चुकले तरी चालेल. नोंद नीट असेल तर पुढच्या वर्षीचा वर्ग ती चूक दुरुस्त करू शकेल.