फॅमिली रूम : मुंबईला आलेल्या नव्या जोडप्यानं जेवायचं कुठं?

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण लग्नाच्या पंगतीबद्दल बोललो. आज त्याच्या पुढचा दिवस घेऊ. पाहुणे पांगले, मांडव उतरला, आणि नवं जोडपं तीन दिवसांसाठी मुंबईला निघालं. काळ साधारण 1955 चा. जोडपं वाईचं आहे असं धरून चालू. ते कल्पनेतलं आहे, पण त्यांच्यापुढचा प्रश्न खरा होता. राणीचा बाग, गेटवे, चौपाटी, एखादा सिनेमा हे सगळं ठरलेलं असायचं. ठरलेलं नसायचं ते एवढंच, की दुपारी भूक लागल्यावर दोघांनी बसायचं कुठं?

त्यांची जात आपण मुद्दाम सांगितलेली नाही. ती सांगितली की उत्तर बदलतं, आणि ते कसं बदलतं हेच आज बघायचं आहे.

आधी एक शब्दाची गोष्ट. 'मधुचंद्र' हा शब्द इंग्रजी 'हनिमून'चं सरळ भाषांतर आहे. 1967 साली राजदत्त यांनी त्याच नावाचा चित्रपट काढला, म्हणजे तोवर तो घरोघर रुळला होता. पण पुष्कळांच्या घरात त्याआधी, आणि नंतरही, 'मुंबई बघायला गेलेत' एवढंच म्हणत. ज्यांना परवडे ते माथेरानला, महाबळेश्वरला जात. ज्यांचा कोणी मामा किंवा मावसभाऊ गिरगावात, नाहीतर दादरला दोन खोल्यांत राहत असे, ते मुंबईला येत.

आता घरातल्या जेवणाचा क्रम आठवा. आधी पुरुष, मग मुलं, शेवटी बायका. सून तर सगळ्यांच्या मागून, पुष्कळ घरांत नवऱ्याच्याच उष्ट्या ताटात. नवरा-बायकोनं समोरासमोर बसून, एकाच वेळी, एकमेकांच्या तोंडाकडे बघत जेवायचं, हे घरात घडतच नसे. लग्नात मात्र उखाणा घेऊन एकमेकांना घास भरवायचा, तोही शंभर माणसांच्या हशात. म्हणजे चारचौघांत एकत्र खाण्याची परवानगी एका घासापुरती. दुसरा घास कुठं आणि कधी, याचं उत्तर रूढीकडे नव्हतं. ते पुढं हॉटेलात मिळालं. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाला या तीन दिवसांचं महत्त्व वाटतं.

पण हॉटेलात जाणं ही गोष्ट सोपी नव्हती. 1890 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं आणि नंतर आलेल्या मंडळींपुढं चहा-बिस्किटं ठेवली. कोणी घेतली, कोणी कप नुसता हातात धरला. गोपाळराव जोशी, आनंदीबाई जोशींचे यजमान, माणूस मुलखाचा खोडकर. त्यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. त्यात टिळक होते, रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि पुढं रानड्यांनी प्रायश्चित्तही घेतलं. एका कप चहापायी! ही गोष्ट आपण हसून सांगतो, पण आपलं वाईचं जोडपं आणि तो कप यांच्यात अंतर फक्त पासष्ट वर्षांचं आहे. जोडप्याची आजी तो काळ बघितलेली. निघताना तिनं 'कुठं काही खाऊ नका' असं बजावलं, तर ते पोट बिघडेल म्हणून की बाटाल म्हणून, हे विचारायला नको.

यामुळे जुन्या खाणावळींच्या पाट्यांवर पदार्थांच्याही आधी स्वयंपाक्याची जात लागे. 'ब्राह्मणांची खाणावळ', 'मराठ्यांची खाणावळ', 'हिंदू विश्रांतिगृह'. अन्न काय आहे यापेक्षा ते कोणी रांधलं हे आधी कळायला हवं. शिवाय मुंबईच्या खाणावळी होत्या एकट्या पुरुषांसाठी. 1921 च्या सुमारास या शहरात दर दोन पुरुषांमागे जेमतेम एक बाई होती. गिरणीतला, गोदीतला, कचेरीतला माणूस बिऱ्हाड गावी ठेवून इथं राही आणि महिन्याच्या बोलीवर जेवे. तिथं पाट मांडलेले, वाढपी घाईत, पुढची पंगत दाराशी खोळंबलेली. खोताच्या वाडीतल्या 'अनंताश्रमा'तल्या माशांच्या जेवणाची कीर्ती मोठी, आणि ती योग्यच. पण तिथं निवांत रेंगाळायची सोय नव्हती. नवी नवरी मान वर करून सोलकढी मागेल अशी ती जागाच नव्हे.

मग येतो इराणी. यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या या मंडळींनी मुंबईच्या नाक्यानाक्यावर दुकानं थाटली. धोबीतलावचं 'कयानी' 1904 चं, ग्रँट रोडचं 'मेरवान' 1914 चं, बॅलार्ड इस्टेटचं 'ब्रिटानिया' 1923 चं. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्याला स्वस्तात मिळे, असं सांगतात. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीभर आरसे, गल्ल्यावर मालक, आणि 'हे करू नका, ते करू नका' अशा सूचनांची पाटी. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यावर हळवं लिखाणही भरपूर झालंय. आपल्याला आज हवा आहे तो आतला भाग. बऱ्याच इराण्यांकडे बाजूला किंवा माळ्यावर लाकडी फळ्यांचे आडोसे घातलेले असत. कुठं अर्धं दार, कुठं पडदा. वर पाटी : फॅमिली रूम.

हा शब्द इंग्रजी असला तरी त्याचा अर्थ अगदी आपला आहे. मराठीत 'फॅमिली' म्हणजे कुटुंब, आणि कुटुंब म्हणजे बायको. 'फॅमिलीला घेऊन आलोय' असं माणूस म्हणायचा तेव्हा सोबत बायकोच असायची. तेव्हा फॅमिली रूम म्हणजे बाई बरोबर असेल तर बसायची खोली. बाहेरच्या दालनात पुरुष; सिगारेट, घोड्यांच्या शर्यतीच्या गप्पा. बाईमाणूस तिथं बसत नसे. आतल्या खोलीची सोय म्हटली तर सोवळ्यासारखीच, बाईला नजरेआड ठेवण्याची. पण एकदा दार लोटलं की आत काय होतं बघा. दोन खुर्च्या समोरासमोर. सासू नाही, दीर नाही, वाढायला उठायचं नाही. पोऱ्या दोन कप एकदम आणून ठेवतो, त्यामुळं 'आधी तुमचं होऊ दे' म्हणायला जागाच उरत नाही. बाईला वेगळं बसवण्यासाठी घातलेल्या त्या आडोशातच ती पहिल्यांदा नवऱ्याबरोबरीनं जेवली, असं आमचं मत आहे.

ऑर्डर अर्थात नवराच देई. 'काय घेणार?' 'तुम्ही घ्याल तेच.' हा संवाद आपल्याला न ऐकताही पाठ आहे. ती त्याचं नाव घेत नाही, 'अहो'वर भागवते. आणि तो तरी कुठं सराईत? मावा केक मागवायचा तर त्यात अंडं असतं हे सांगायचं की गप्प बसायचं, हा पेच त्याचाच. खारी, मस्का-ब्रून आणि चहावर पुष्कळ जोडप्यांनी तह केला असेल.

आता जातीकडे येऊ. इराण्याला हिंदूंच्या विटाळाशी कर्तव्य नव्हतं. तो सहसा जात विचारत नसे; कप सगळ्यांना तोच. ब्राह्मण जोडप्याला हीच अडचण वाटे, आणि दलित जोडप्याला हाच मोठा दिलासा. गावाकडच्या चहाच्या दुकानात ज्यांची कपबशी बाहेर वळचणीला वेगळी ठेवलेली, ज्यांनी ती स्वतः विसळून परत ठेवायची, त्यांच्यातलं एखादं जोडपं मुंबईला आलं तर 'चांगलं कुठं मिळतं' हा त्यांचा प्रश्नच नव्हे. 'आपल्याला उठवणार तर नाहीत?' हा त्यांचा प्रश्न. नव्या नवरीसमोर उठवलं जाणं म्हणजे काय, याची कल्पना करा. रत्नागिरीत सावरकरांनी 1933 साली 'अखिल हिंदू उपाहारगृह' काढलं ते याच अडसराला तोंड देण्यासाठी. मुंबई प्रांतानं 1946 साली कायदा केला. पुढं राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांची नावं घेऊन सांगितलं गेलं, की तिथं जातीवरून कोणाला अडवता येणार नाही. 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यानं त्याला शिक्षेची जोड दिली. घटनाकारांना समतेच्या कलमात हॉटेल हा शब्द घालावा लागला, यातच सगळं आलं. आणि कायदा झाला म्हणून नजर बदलली असं नाही. अशा जोडप्यानं गल्ल्यावरच्या परक्या इराण्याचा भरवसा आधी धरला असेल, तर त्यात नवल ते काय?

ज्यांना इराणी चालत नव्हता त्यांच्यासाठी दोन वाटा होत्या. एक दादर-गिरगावची मराठी उपाहारगृहं : 1910 पासूनचं 'मामा काणे', 'तांबे आरोग्य भवन' वगैरे. बटाटेवडा, थालीपीठ, साबुदाणा वडा, पियूष. आषाढी असो की चतुर्थी, उपासाची सोय पक्की. तिथं खोट एकच, ओळखीचं माणूस भेटण्याची. आपण जोडीनं बसलोय आणि समोरून आत्याचे शेजारी येतात, तर ती बातमी तुमच्याआधी वाईला पोचते!

दुसरी वाट माटुंग्याची. उडुपीकडच्या मंडळींची हॉटेलं तिथं तिसाच्या-चाळिसाच्या दशकांत फोफावली. रामा नायक यांचं 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग' 1942 चं. 1943 साली मुंबईत रेशनिंग आलं, त्या दिवसांतूनही ही हॉटेलं तगली. सोवळ्या घरांना उडुपी चालला, कारण अन्न शाकाहारी आणि स्वयंपाकी ब्राह्मण. पण तो इतरांनाही चालला, आणि त्याचं कारण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. इडली-डोसा हे वाईच्या कोणाच्याच घरचं अन्न नव्हतं. थालीपीठ खाताना 'आमच्याकडे असं नाही करत' हे सासरचं-माहेरचं भांडण डोकं वर काढतं. डोशापुढं दोघंही सारखेच अडाणी. तो हातानं तोडायचा की चमच्यानं, चटणी आधी की सांबार आधी, दोघं एकमेकांकडे बघून शिकणार.

संध्याकाळचा प्रश्न त्यामानानं हलका. चौपाटीवर भेळ, उन्हाळ्याचं लग्न असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळ 'बादशाह'चा फालुदा. बाईनं रस्त्यात उभ्यानं खाणं शिष्टसंमत नव्हतंच, पण चौपाटीवर अंधार पडलेला असे, आणि अंधारात भेळेला कोण ओळखतो! 1903 चं 'ताज' बाहेरून बघायचं, त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढायचा. आत जायचा विचार वाईच्या जोडप्याच्या मनाला शिवतही नसे.

हे सगळं एवढं जपून का करायचं, याचं उत्तर मुक्कामाच्या जागेत आहे. मामाच्या दोन खोल्यांत आठ माणसं. 1970 च्या 'मुंबईचा जावई' या चित्रपटाचं सगळं कथानक याच अडचणीवर उभं आहे. त्यावरूनच 1972 मध्ये हिंदीत 'पिया का घर' निघाला. चाळीतल्या घरात नव्या जोडप्याला चार शब्द बोलायला जागा नाही. मग ती मिळायची राणीच्या बागेतल्या बाकावर, सिनेमाच्या अंधारात, नाहीतर दोन चहा आणि एक मस्का-ब्रून यांच्या किमतीत फॅमिली रूममध्ये, अर्धा तास. त्या भाड्यात इतकी खासगी जागा मुंबईत दुसरी नव्हती.

पुढं बायका नोकरीला लागल्या, मैत्रिणी-मैत्रिणी बाहेरच्या टेबलांवर बसू लागल्या, आणि आडोशाची गरज कमी झाली. काही ठिकाणी तर आडोशालाच बदनामी चिकटली. 'चांगल्या घरच्या' बायका मुद्दाम बाहेर बसू लागल्या. जागेचे भाव चढले तशी इराण्यांची दुकानंही मिटत गेली आणि उडुप्यांनी माळ्यावर वातानुकूलित विभाग काढले. तिथं फॅमिलीबरोबर कोणीही चालत होतं, फक्त दर जास्त होते.

एक बाजू मात्र आज राहूनच गेली : या शहराला रोज जेवू घालणाऱ्या, गिरणगावात घरच्या घरी खाणावळी चालवणाऱ्या बायका. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते त्यांच्यासाठी. पुढचं व्याख्यान त्यांच्यावर.