आधी रकाना, मग दीर्घिका

२२ फेब्रुवारी १७८७. इंग्लंडमधल्या स्लाव इथे विल्यम हर्शेल यांच्या दुर्बिणीत सिंह राशीच्या दक्षिणेला एक लांबट ठिपका आला. मधे लख्ख, टोकांकडे निमुळता. ते दुर्बिणीवरून सांगायचे आणि बहीण कॅरोलिन टिपून घ्यायची, अशी त्या घराची रीत होती. हाच ठिपका पुढे एनजीसी ३११५ या यादीतल्या क्रमांकानं ओळखला जाऊ लागला. सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षं दूर असलेली ही एक अख्खी दीर्घिका आहे, हे त्या काळी कुणालाच खात्रीनं माहीत नव्हतं.

१९३६ साली एडविन हबल यांनी दीर्घिकांची मांडणी पुस्तकात छापली. एका अंगाला गोल ते चपट्या होत गेलेल्या लंबवर्तुळाकार, दुसऱ्या अंगाला भुजांच्या सर्पिल. पण सर्वांत चपटी, म्हणजे ई७, संपली की लगेच भुजा सुरू, ही उडी हबलना पटेना. मधे काहीतरी हवंच, म्हणून त्यांनी एस० हा रकाना आखला आणि तो बराचसा काल्पनिक आहे, असं मोकळेपणानं सांगितलं. पुरावा हाती नसताना जागा राखून ठेवायची ही हिंमत मला फार मोलाची वाटते.

विशेष म्हणजे त्याच पुस्तकात ई७चा नमुना म्हणून एनजीसी ३११५च होती! ती आपल्याला कडेनं दिसते आणि तिची पातळ तबकडी मधल्या फुगवट्याच्या उजेडात झाकली जाते. पुढे छायाचित्रं बारकाईनं तपासली तेव्हा ही तबकडी उमगली. तबकडी आहे, भुजा नाहीत, वायू जेमतेम, तारे बहुतेक जुने: ही तर भिंगाकृती, एस०च!

मग प्रश्न आला कुळाचा: अशा दीर्घिका घडल्या कशा? १९५१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ स्पिट्झर आणि बाडे यांनी सुचवलं, की दीर्घिकासमूहांच्या दाटीत दीर्घिका एकमेकींवर आदळतात. तारे विरळ असल्यानं आरपार निघून जातात, वायू मात्र मागे राहतो. वायू गेला की नवे तारे जन्मत नाहीत आणि भुजा विझतात; सर्पिलची एस० होते. १९७२ मध्ये गन आणि गॉट यांनी दाखवलं, की टक्करही लागत नाही; समूहातल्या तप्त वायूतून वेगानं जातानाच दीर्घिकेचा वायू झडतो. पण एनजीसी ३११५भोवती अशी दाटी कुठे आहे?

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले अजित केंभावी, तसंच सुधांशू बर्वे, योगेश वाडदेकर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या कोड्याला महत्त्वाची दिशा दिली. तेजस्वी आणि मंद भिंगाकृती दीर्घिकांची घडण वेगळी दिसते, तेव्हा त्यांच्या जन्माच्या वाटाही वेगळ्या असाव्यात, असं त्यांनी मांडलं. म्हणजे एस०च्या एकाच रकान्यात बहुधा दोन कुळं नांदत आहेत.