पाठमोऱ्या चोरावर बंदूक : खाजगी बचावाच्या हक्काचा इतिहास

रात्री घरात चोर शिरतो. घरमालक जागा होतो. त्याच्याजवळ परवान्याची बंदूक असते आणि त्याला पाहताच चोर अंगणातून पळत सुटतो. अशा वेळी झाडलेल्या गोळीला बचाव म्हणायचे की खून, हा प्रश्न फार जुना आहे. निरनिराळ्या धर्मांच्या व राज्यांच्या कायद्यांनी त्याची उत्तरे दिली आहेत आणि आज लागू असलेल्या भारतीय कायद्यात त्यांपैकी काहींच्या खुणा सापडतात.

बालाघाटसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. मंडला, शिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग जोडून १८६७ साली हा जिल्हा तयार करण्यात आला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत त्याची राजधानी नागपूर होती आणि येथील खटल्यांची अपिलेही नागपुरातच चालत. जंगलाला लागून शेती असलेल्या अशा भागात बंदूक प्रामुख्याने पिकाच्या राखणीसाठी घेतली जाते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीसाठी पीकसंरक्षणाच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे. मात्र परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. ती माणसावर केव्हा चालवता येईल, हे दुसराच कायदा ठरवतो.

प्राचीन कायद्यांनी प्रथम रात्र आणि दिवस असा भेद केला. रात्री घर फोडताना सापडलेला चोर मारला गेला तर मारणाऱ्यावर रक्ताचा दोष येत नाही, परंतु सूर्य उगवल्यावर मारल्यास तो येतो, असा नियम तौरातमध्ये आहे. रोमच्या बारा पट्टिकांच्या कायद्यानेही रात्रीच्या चोराला मारणे वैध मानले. दिवसाच्या चोराबाबत मात्र त्याने हत्याराने प्रतिकार केला असला पाहिजे, अशी अट घातली. यामागचे कारण सरळ आहे. अंधारात आलेला माणूस चोरीसाठी आला की जीव घेण्यासाठी, हे घरमालकाला कळू शकत नाही.

इस्लामी कायद्याने याहून बारीक विचार केलेला दिसतो. आपल्या मालाचे रक्षण करताना मारला जाणारा शहीद होय, अशा अर्थाची हदीस प्रसिद्ध आहे. परंतु फुकहांनी तिचा अर्थ मोकाट सोडला नाही. हल्लेखोराला परतवताना सर्वात सौम्य उपाय आधी करावा, ओरडण्याने काम भागत असेल तर मारू नये, हा त्यांचा सर्वसाधारण नियम आहे. पळणाऱ्या चोराचा प्रश्नही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. बाराव्या शतकातील मरगीनानी यांच्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथानुसार, रात्री घरात शिरून माल घेऊन निघालेल्या चोराचा पाठलाग करून मालकाने त्याला ठार केले, तर मालकावर दायित्व येत नाही. पण लगेच खुलासाही येतो : ठार केल्याखेरीज माल परत मिळणे शक्यच नसेल, तेव्हाच हा नियम लागू होतो. म्हणजे चोराने गाठोडे टाकले की मारण्याचे कारणच उरत नाही. याच ग्रंथाचे चार्ल्स हॅमिल्टनने केलेले इंग्रजी भाषांतर १७९१ मध्ये निघाले आणि कंपनीच्या न्यायाधीशांच्या हाती गेले.

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा दिला. त्यात खाजगी बचावाचा हक्क मुद्दाम रुंद ठेवण्यात आला. त्याचे दिलेले कारण आज वाचताना खटकते. येथील लोक दरोडेखोरांपुढे फार सहज मान तुकवतात, म्हणून त्यांच्यावर बंधने वाढवण्यापेक्षा त्यांच्यातील धैर्य जागवणे इष्ट, असे आयोगाचे मत होते. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने याच लोकांना परवान्याशिवाय बंदूक बाळगण्याची मनाई झाली आणि युरोपियनांना मात्र सवलत राहिली. एका हाताने धैर्याचा उपदेश आणि दुसऱ्या हाताने शस्त्र काढून घेणे, असा हा प्रकार होता.

१ जानेवारी १८६२ पासून लागू झालेल्या भारतीय दंडसंहितेत हा हक्क कलम ९६ ते १०६ मध्ये आला. कलम १०३ प्रमाणे जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, तसेच मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती निर्माण करणारी चोरी, यांच्या विरोधात प्राण घेण्यापर्यंत हक्क जातो. एवढेच वाचून पुष्कळजण थांबतात. खरी मेख कलम १०५ मध्ये आहे. घरफोडीने सुरू झालेले गृह-अतिक्रमण चालू असेपर्यंतच घरफोडीविरुद्धचा हक्क टिकतो. चोर उंबऱ्याबाहेर पडला की तो संपतो. त्यानंतर उरतो तो साध्या चोरीविरुद्धचा हक्क. चोर माल घेऊन निसटेपर्यंत, माल परत मिळेपर्यंत किंवा सरकारी मदत येईपर्यंत तो चालू राहतो. त्याच्या आधारे चोराला धरता येते, माल हिसकावता येतो, गरजेपुरते बळ वापरता येते, पण प्राण घेता येत नाही. पळता पळता चोराने वळून चाकू उगारला तर गोष्ट बदलते, कारण तेव्हा चोरीची जबरी चोरी होते. कलम ९९ ची मर्यादा या सर्वांवर आहेच : गरजेपेक्षा अधिक इजा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच रचना कलम ३४ ते ४४ मध्ये कायम आहे.

या तरतुदींचा अर्थ लावणारे दोन निकाल महत्त्वाचे आहेत. पहिला बालाघाट ज्या राज्यात होता, त्याच राज्यातला. ५ मार्च १९५० रोजी कटनी येथे दंगल उसळली. जमावाने एका दुकानदाराच्या भावाचे लगतचे दुकान फोडून लुटले आणि मग त्याच्या स्वतःच्या दारावर लाठ्या बसू लागल्या. आत बायकामुले होती. त्याने गोळी झाडली आणि त्यात एक जण ठार झाला. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी धरले. ‘अमजद खान विरुद्ध राज्य’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये त्याची निर्दोष मुक्तता केली. निकाल लिहिणारे न्या. विवियन बोस हे नागपुरातच वकिली व न्यायदान करून दिल्लीस गेलेले. दार मोडून जमाव आत येईपर्यंत माणसाने थांबावे अशी कायद्याची अपेक्षा नाही आणि भीतीच्या क्षणी केलेली कृती सोन्याच्या तराजूत तोलायची नसते, असे या निकालाचे सार आहे.

दुसरा निकाल ‘जयदेव विरुद्ध पंजाब राज्य’ या खटल्याचा. १९६२ साली तो साताऱ्याच्या न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. शेताच्या ताब्यावरून झालेल्या या संघर्षात आरोपींना सुरुवातीला बचावाचा हक्क होता, हे न्यायालयाने मान्य केले. पण समोरचे लोक पळू लागल्यावर धोका संपला. त्यानंतर दूरवरच्या माणसांवर झाडलेल्या गोळ्या बचावात बसल्या नाहीत आणि खुनाबद्दलची दोषसिद्धी कायम राहिली. दोन्ही निकाल एकमेकांविरुद्ध असल्याचे कधीकधी भासते, पण तसे नाही. एका खटल्यात जमाव दाराकडे येत होता, दुसऱ्यात माणसे पाठ फिरवून जात होती.

पळणाऱ्या चोराला पकडण्यासाठी पोलिसालाही ठार मारण्याची मुभा नाही, याकडे सहसा लक्ष जात नाही. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तरच अटकेसाठी प्राणघातक बळाचा विचार होऊ शकतो. जुन्या संहितेच्या कलम ४५७ प्रमाणे चोरीसाठी केलेल्या रात्रीच्या घरफोडीला कमाल शिक्षा चौदा वर्षांची होती. अमेरिकेत मेम्फिस येथे १९७४ मध्ये पोलिसाने कुंपण ओलांडून पळणाऱ्या एका निःशस्त्र मुलाला घरफोडीच्या संशयावरून गोळी घातली. १९८५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा गोळीबार घटनाबाह्य ठरवला. इंग्लंडमध्ये १९९९ साली नॉरफोकच्या शेतकऱ्याने पळणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला पाठीत गोळी घातली. त्याच्यावरील खुनाचा ठपका अपिलात सदोष मनुष्यवधावर आला, पण निर्दोष तो सुटला नाही.

घरमालकाला कायद्याने दिलेला मार्ग वेगळा आहे. समक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही नागरिक पकडू शकतो. २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. आणि गोळी सुटलीच असेल, तर बचावाचा हक्क होता हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. सरकार पक्षाइतका कडक पुरावा त्याला द्यावा लागत नाही, त्याचे म्हणणे अधिक संभवनीय आहे एवढे दिसले तरी पुरते. परंतु जखम छातीवर आहे की पाठीवर, हे शवविच्छेदनाचा अहवाल आधीच सांगून गेलेला असतो.